टेलिमेडिसिन अ‍ॅपमध्ये व्हिडिओ तुटला तर काय?

टेलिमेडिसिन म्हणजे फोन, व्हिडिओ कॉल किंवा मेसेजवरून डॉक्टरांचा सल्ला घेणं. भारतात त्याची मार्गदर्शक तत्त्वं 25 मार्च 2020 ला आली. एप्रिलमध्ये सरकारची ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली: मोबाईल नंबर, ओटीपी, टोकन, मग डॉक्टर स्क्रीनवर आणि शेवटी ई-प्रिस्क्रिप्शन.

अशा अ‍ॅपची खरी परीक्षा नेटवर्क गेल्यावर होते. नियमांत व्हिडिओ, ऑडिओ, टेक्स्ट तिन्ही चालतात. त्यामुळे नेट कमी पडलं की चित्र बंद करून आवाज चालू ठेवायचा, असं आम्ही इंजिनिअर पटकन ठरवून टाकतो. पण इथे एक मेख आहे. पहिल्याच सल्ल्यात 'लिस्ट ए' मधली औषधं फक्त व्हिडिओवर तपासूनच लिहून देता येतात. म्हणजे कॉल ऑडिओवर उतरलाय हे डॉक्टरांना ठळक दिसायलाच हवं. आणि पेशंटलाही साध्या मराठीत कळायला हवं: 'चित्र बंद झालंय, आवाज चालू आहे, फोन ठेवू नका.' नाहीतर घाबरून आजी कॉल कट करणार आणि पुन्हा रांगेत बसणार!

दुसरी अडचण ओटीपीची. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो. म्हणून एका नंबरखाली अनेक पेशंट ठेवता यायला हवेत, आणि कॉल सुरू होताना नाव-वय मोठ्या अक्षरांत दिसायला हवं. औषध लिहिण्याआधी डॉक्टरांनी वयाची खात्री करायची असते; तिथे आईऐवजी मुलाचं वय दिसलं तर डोसच चुकू शकतो.