थेसालोनिकीचा राजमार्ग: पुनःस्थापना आणि पुरावा

बाल्कन प्रदेशांत फिरणाऱ्या अभ्यासकानें रस्त्याच्या नांवावर एकदम विसंबूं नये, हें ग्रीस देशांतील थेसालोनिकी नगरावरून दिसतें. हें नगर सुमारें इ. स. पू. ३१५ मध्यें कासांड्रोस राजानें वसविलें व आपल्या पत्नीचें, म्हणजे शिकंदराच्या सावत्र बहिणीचें, नांव त्यास दिलें. पुढें इ. स. पू. दुसऱ्या शतकांत रोमन लोकांनीं आड्रियाटिक समुद्रापासून पूर्वेकडे 'व्हिया एग्नातिया' हा महामार्ग बांधला. नगराजवळ गालिकोस नदीपाशीं एक मैलाचा दगड सांपडला. त्यावर लॅटिन व ग्रीक भाषांत ग्नेयस एग्नातियस या अधिकाऱ्याचें नांव असल्यानें मार्गाच्या नांवाचा उलगडा झाला. नगरांतील आजच्या हमरस्त्यासहि एग्नातियाच म्हणतात; परंतु प्राचीन महामार्ग तटाबाहेरून जात असे, असें अनेक संशोधकांचें मत आहे.

मग हमरस्त्याखालीं निघालें तें काय? तो नगराचा स्वतःचा राजमार्ग. भुयारी रेल्वेच्या व्हेनिझेलू स्थानकासाठीं खोदतांना, २०१३ च्या सुमारास, संगमरवरी फरशीचा रस्ता, चवाठा व दुकानांचे अवशेष उघडे पडले. येथें मोठा वाद माजला. अवशेष जागींच राखून स्थानक बांधावें, असें एका पक्षाचें म्हणणें. ते उचलून बांधकामानंतर पुन्हा बसवावे, असें दुसऱ्याचें. दुसरा पक्ष मान्य झाला. ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं रेल्वे सुरू झाली, आणि तो राजमार्ग स्थानकांतच प्रवाशांच्या दृष्टीस पडूं लागला.

दगड तेच, स्थळहि तेंच. मग हानि कोणती? दप्तराचा रुमाल सोडून कागद पुन्हा बांधले, तर अक्षर तेंच राहतें. पण कोणता कागद कोणत्या शेजारीं होता, ही साक्ष नोंद नसल्यास जाते. फरशीखालची माती, थर व सांधे यांचें तसेंच आहे.

रेल्वे नसती तर हा मार्ग कदाचित् भूमिगतच राहता, हेंहि न्यायानें म्हटलें पाहिजे. नांदत्या नगरास दळणवळण हवेंच. तथापि आमच्या मतें, पुन्हा बसविलेला मार्ग ही मूळ वास्तूची पुनःप्रतिष्ठा होय. पुराव्याचें मूळपण आतां उचलण्यापूर्वींच्या नकाशांत, छायाचित्रांत व नोंदींत आहे. त्या नोंदी फरशीइतक्याच जपल्या, तरच हा राजमार्ग पुढील संशोधकास साक्ष देईल.