झाडू, आरसा आणि हस्तांदोलन

कलावंत म्हटला की आपल्यापुढे येतो तो चित्रं काढणारा, मूर्ती घडवणारा, नाहीतर गाणारा. पण न्यूयॉर्कमध्ये एका बाईने सफाई कामगारांशी हात मिळवणे हीच आपली कला मानली. आपल्या कितीतरी घरांनी सफाई खात्याच्या नोकरीवर पोरं वाढवली. म्हणून हा इतिहास आपल्याला माहीत पाहिजे.

त्या बाईंचे नाव मर्ल लेडरमन युकेलीस. मूल झाले आणि दिवस धुण्यापुसण्यात जाऊ लागला. अशा बाईला कलावंत कोण म्हणणार? तेव्हा १९६९ साली त्यांनी जाहीरनामाच लिहिला, की घर असो वा शहर, ते रोज नीट ठेवणे हीसुद्धा कलाच. १९७३ साली हार्टफर्डच्या संग्रहालयाच्या पायऱ्या त्यांनी स्वतः धुतल्या. १९७७ पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात बिनपगारी कलावंत म्हणून काम करू लागल्या. १९७९-८० मध्ये शहरभर फिरून त्यांनी सुमारे ८,५०० कामगारांशी हस्तांदोलन केले आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. १९८३ साली कचऱ्याच्या गाडीला आरसे लावले. बघणाऱ्याला त्यात आपलेच तोंड दिसे. कचरा करतो कोण, याचे उत्तर तिथेच मिळे!

आम्ही गिरणीत राबलेली माणसं. साचा पुसणारा, खातं झाडणारा नसेल तर कापड निघत नाही, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पण आपल्याकडे हे काम जातीने गळ्यात बांधले. मैला उचलण्याच्या कामाला थोर म्हणून गौरवायचे आणि त्याच माणसांना त्यात डांबून ठेवायचे, ही लबाडी बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात उघडी पाडली. मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. गटारात उतरलेला माणूस त्यांत दिसतो. तिथे गौरव नाही, जाब आहे. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात माणसं मरायची थांबली नाहीत.

तेव्हा हस्तांदोलन हवेच. पण त्या हाताला हातमोजा हवा, कायम नोकरी हवी, गटारात माणसाऐवजी यंत्र हवे. आणि त्याच्या पोराच्या हाती झाडू वारशाने येता कामा नये. कलावंत आरसा दाखवतो, बांधवांनो. त्यात बघून पुढचे काम आपल्यालाच करायचे आहे.