न लावलेलं लाल निशाण

बारामती-इंदापूर रस्त्याला पुढं स्पिरिटचा टँकर दिसला की रिक्षावाला आपणहून अंतर ठेवतो. टँकरच्या मागं 'ज्वालाग्राही' असं लिहिलेलंच असतं. बंदरातही अशीच रीत होती. ज्या जहाजात दारूगोळा, त्यावर लाल निशाण लावायचं. आज एका न लावलेल्या निशाणाची गोष्ट सांगते.

साल 1944. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि मुंबईची गोदी लष्कराच्या मालानं भरलेली. 12 एप्रिलला 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागलं. आपल्या भाऊच्या धक्क्याजवळच ही गोदी. जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं, खोक्यांत भरलेली लढाऊ विमानं आणि सोन्याच्या 124 विटा होत्या. वाटेत कराचीला कापसाच्या 8,700 गाठी आणि तेलाची पिंपंही चढवली. चुलीशेजारी रॉकेलचा डबा ठेवू नये हे आपल्या घरातलं पोरही सांगेल! एरवी असा माल बंदराच्या आत येऊच देत नसत, लांब पाण्यातच उतरवून घेत. पण युद्धाची घाई म्हणून तो नियम बाजूला ठेवला होता. लाल निशाणही लावलं नाही.

14 एप्रिलला दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कापसातून धूर दिसला. बंब आले, जवान पाणी मारत राहिले. जहाज बुडवावं की बाहेर न्यावं, याची साहेबलोकांत बोलणी चालूच राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचं शेजारचं जहाज उचललं जाऊन धक्क्यावर चढलं. पेटता कापूस मांडवी, मशीद बंदरच्या वस्तीवर पडला. सुमारे 80 हजार माणसं बेघर झाली. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. म्हणून तर 14 एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशीच, अग्निशमन सेवा दिनही असतो.

सोन्याच्या विटांचा आकडा पक्का आहे. माणसांचा मात्र सरकारी मोजणीत सातशेच्या वर आणि इतर सांगतात तेराशेपर्यंत. मला हे फार खटकतं.

आणखी एक. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी सगळी बातमी सांगून टाकली. इथल्या बातमीदारांना मात्र सविस्तर बातमी पाठवायची परवानगी मिळेपर्यंत मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. गोदीत पाठीवर ओझी वाहणारे कितीतरी जण घाटावरचे होते, आपल्याच बाजूचे. त्या महिन्यात गावाकडं मनीऑर्डर आली नाही, तेव्हा किती जणी नुसत्या पोस्टमनच्या वाटेकडं बघत बसल्या असतील.