मतांचें माप

लोकशाहींत बहुमताचा निर्णय मानावा लागतो हें खरें; परंतु ज्यांचें बहुमत नाहीं त्यांचा शब्दच सभेंत उमटूं नये, असा त्याचा अर्थ नव्हे. या दोहोंची सांगड लंडन शहरानें कशी घातली, हें आम्ही येथें थोडक्यांत पाहणार आहों.

१८८९ सालीं लंडनला लोकनियुक्त काउंटी कौन्सिल लाभलें व १९६५ सालीं त्याच्या जागीं अधिक विस्तृत असें ग्रेटर लंडन कौन्सिल आलें. मतदारसंघांत ज्याला सर्वांत अधिक मतें तोच विजयी, या इंग्रजांच्या जुन्या रीतीनें १९८१ ची निवडणूक झाली. मजूर पक्षाला सुमारें ४२ टक्के मतांवर ९२ पैकीं ५० जागा मिळाल्या. लिबरल पक्षाच्या पदरीं सुमारें १४ टक्के मतांवर एकच जागा पडली. पुढें या कौन्सिलाचें थॅचरबाईंच्या सरकारशीं वितुष्ट आलें आणि १९८६ सालीं तें कायद्यानेंच मोडण्यांत आलें. त्यानंतर १४ वर्षें एवढ्या मोठ्या शहराला स्वतःची लोकनियुक्त मध्यवर्ती सभा नव्हती. १९९८ च्या लोकमतांत सुमारें ७२ टक्के मतें नव्या व्यवस्थेच्या बाजूनें पडलीं आणि २००० च्या मे महिन्यांत महापौर व २५ सभासदांची असेंब्ली यांची पहिली निवडणूक झाली.

या असेंब्लीची घडण ध्यानांत घेण्याजोगी आहे. १४ सभासद एकेका मतदारसंघांतून जुन्याच रीतीनें निवडले जातात. उरलेल्या ११ जागा मुख्यतः पक्षांच्या याद्यांतून भरतात. म्हणून असेंब्लीसाठीं मतदार दोन मतें देतो: एक आपल्या भागांतील उमेदवाराला, दुसरें सबंध लंडनपुरतें एखाद्या यादीला. मोजणीची खुबी अशी कीं, पक्षानें आधीं मिळविलेल्या जागांत एक मिळवून येणाऱ्या संख्येनें त्याच्या यादीचीं मतें भागतात. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा त्याला एक जागा. हाच हिशेब ११ वेळां करावयाचा. २००० सालीं काँझर्व्हेटिव्ह पक्षानें ८ मतदारसंघ जिंकले होते, तेव्हां त्याच्या मतांना आरंभींच ९ नें भागावें लागलें. मजूर पक्षाच्या मतांना ७ नें. लिबरल डेमोक्रॅटांना एकही मतदारसंघ मिळाला नव्हता. त्यांचा भाजक १ होता. सुमारें १५ टक्के मतांवर त्यांना ४ जागा मिळाल्या, व हरित पक्षाला ३. ज्याचें ताट भरलें आहे त्याला मागाहून आणि जो उपाशी आहे त्याला आधीं वाढावें, हाच या गणिताचा न्याय.

हा न्याय फुकट मिळत नाहीं. यादीवर जागा मिळण्यास किमान ५ टक्के मतें लागतात. २००८ सालीं वर्णद्वेषी ब्रिटिश नॅशनल पार्टीनें ही मर्यादा किंचित ओलांडली व एक जागा मिळविली. जीं मतें आपणांस घृणास्पद वाटतात त्यांनाही माप तेंच लावावें लागतें. एरव्हीं तें माप कसलें?

याहून मोठी उणीव अधिकाराची आहे. महापौराच्या अंदाजपत्रकांत बदल करावयाचा तर असेंब्लीचें दोन-तृतीयांश मताधिक्य हवें. म्हणजे सर्व सभासद मत देत असतां ९ जण पाठीशीं असले कीं महापौर निर्धास्त. महापौराच्या निवडणुकींत पूर्वीं मतदाराला दुसरी पसंतीही नोंदवितां येत असे. २०२४ पासून तीही राहिली नाहीं. सभेंत माप चोख झालें; तिजोरीची किल्ली मात्र जुन्या रीतीनें निवडलेल्या एका व्यक्तीच्या हातीं राहिली. मतांप्रमाणें जागा वाटणें ही आमच्या मतें अर्धीच वाट होय. त्या जागांना अधिकार किती द्यावयाचा, हें ठरविल्यावांचून ती पुरी होत नाहीं.