खतावणीपासून एआयपर्यंत

करसल्लागाराचे हत्यार सर्वसाधारण असावे की खास कामाचे, हा प्रश्न एआयहून जुना आहे. पेढीवर कीर्द-खतावणी होती, तेव्हा बेरीज हाताने होई आणि कलमे जाडजूड पुस्तकांत शोधावी लागत. १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' हे संगणकावर तक्ते मांडणारे सॉफ्टवेअर आले. एक आकडा बदलला की सगळा तक्ता आपोआप नव्याने मांडला जाई, ही त्या काळी मोठीच सोय होती. पण तो तक्ता कोणाच्याही कामाचा होता. कर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'टॅली'ने मात्र हिशेबनिसाचीच भाषा उचलली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि अशा खास सॉफ्टवेअरवाचून लहान दुकानदाराचेही अडू लागले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले, तेव्हा पारडे पुन्हा सर्वसाधारण साधनाकडे झुकले. मसुदा लिहिणे, पत्र सोपे करणे यात ते खरोखर उपयोगी आहे. धोका निवाड्यांत आहे. २०२३ मध्ये ब्रिटनच्या कर न्यायाधिकरणापुढे एका करदात्या महिलेने ९ निवाडे मांडले. ते सगळे एआयने रचलेले निघाले. कायद्यासाठी बनवलेली खास एआय साधने सहसा निवडक कायदेसंग्रहातून उत्तर शोधतात आणि मूळ उतारा दाखवतात, तरी तो वाचून पाहावाच लागतो.

ही पडताळणी आता अधिकच हवी, कारण भारतात १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली. बचतीवरच्या वजावटीचे ओळखीचे कलम ८०सी आता कलम १२३ झाले. आधीच्या वर्षांच्या प्रकरणांना मात्र जुनाच कायदा लागू राहतो.