मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट लागलात? रात्रीच्या ड्युटीत झोप कशी सांभाळायची, घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं

आयटीआय किंवा डिप्लोमा करून आपल्या भागातली बरीच पोरं रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणजे एएलपी म्हणून लागतात. परीक्षेची तयारी कशी करायची हे सांगणारे भरपूर भेटतात. ऑर्डर हातात पडल्यावर पहिल्या सहा महिन्यांत शरीराचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. भुसावळ, मनमाड, दौंड, अजनी, बल्लारशा, हेडक्वार्टर कुठलंही असो, नव्या पोराच्या वाट्याला सहसा आधी मालगाडीच येते. आणि मालगाडीला घड्याळ नसतं.

पॅसेंजर आणि मेल गाड्यांच्या स्टाफची ड्युटी आधीच ठरलेली असते. त्याला लिंक म्हणतात. मालगाडीचं तसं नाही. कोळशाचा रेक भरला, कांद्याचे डबे लागले, पुढचा मार्ग मोकळा झाला की गाडी निघणार. साधारण दोन तास आधी लॉबीतून कॉल येतो. रात्री अकराला येईल, नाहीतर पहाटे दोनला. लॉबीत गेल्यावर साइन ऑन, तोंडाने फुंकून दारूची तपासणी आणि मग इंजिनावर.

नियम काय सांगतो?

गाडीवरची सलग ड्युटी साधारणपणे ९ तासांपेक्षा जास्त नसावी. गरज पडली तर आधी सूचना देऊन ती वाढवता येते, पण साइन ऑन ते साइन ऑफ मिळून ११ तासांच्या आत. ड्युटी ८ तास किंवा जास्त झाली असेल तर हेडक्वार्टरला १६ तास विश्रांती, कमी झाली असेल तर १२ तास. बाहेरगावी रनिंग रूममध्ये ८ तासांच्या ड्युटीनंतर ८ तास. याशिवाय महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच मोठ्या विश्रांती. सलग रात्री चारपेक्षा जास्त लावू नयेत, असंही ठरलेलं आहे.

कागद आणि रूळ यात फरक पडतो, हे खरंच आहे. ३० तासांत रोजचे १६ तास धरायचे की वेगळे द्यायचे, यावर २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतल्या लोको पायलटांनी आंदोलन केलं होतं. नव्या माणसाने निदान स्वतःचे साइन ऑन-साइन ऑफचे तास वहीत लिहून ठेवावेत. वाद झाला तर तोंडी बोलण्याला किंमत नसते.

खरा घोळ दुपारी होतो

समजा तुम्ही सकाळी सहाला साइन ऑफ केलं. १६ तास धरले तर रात्री दहाला पुन्हा ड्युटी लागू शकते. घरी येऊन आंघोळ, नाश्ता, आठला झोप. दुपारी एकला उठलात, पाच तास झोप झाली. मग शेतावर चक्कर, बँकेचं काम, पारावर गप्पा. रात्री दहाला इंजिनावर चढताना तुम्ही नऊ तास जागे असता. ड्युटी ८ तास चालली तरी पहाटे सहाला तुम्हाला १७ तासांचं जागरण झालेलं असतं.

हा १७ चा आकडा महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं, की १७ तास जागा असलेला माणूस आणि रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला माणूस, दोघांचं काम जवळपास सारखंच ढासळतं. म्हणजे फुंकणीच्या मशीनमध्ये पास झालेला माणूस पहाटे झिंगल्यासारखाच असू शकतो. त्यात पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर मुळातच थंड आणि सुस्त पडतं.

यावर उपाय एकच चालतो, तो म्हणजे दुसरी झोप. सकाळच्या झोपेवर भागवायचं नाही. संध्याकाळी पाच ते साडेसहा पुन्हा आडवं व्हायचं. झोप लागली नाही तरी अंधारात पडून राहायचं, मोबाइल लांब ठेवून. गावाकडच्या घरात हे अवघड जातं. पत्रा तापतो, लाइट जाते, मांडवात डीजे असतो. खिडकीला जाड गडद चादर, कानात कापसाचे बोळे आणि घरातली सगळ्यात आतली खोली, एवढं तरी जमवावं.

रात्री ड्युटीवर चहा घ्यायला हरकत नाही, पण सकाळी झोपायचं असेल तर शेवटचा कप दोन-अडीचच्या आत. चहा-कॉफीचा निम्मा अंमल चार-पाच तासांनीही अंगात असतो. निघण्याआधी मटण-भाकरीचं भरगच्च जेवण टाळा. डब्यात केळी, फुटाणे, शेंगदाणे बरे. बऱ्याच जुन्या इंजिनांत शौचालय नाही, म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत आणि पुढे मुतखडा होतो. स्टेशनवर गाडी उभी राहील तेव्हा उरकून घ्या, पण पाणी तोडू नका.

इंजिनात

एक मिनिट काहीच हालचाल झाली नाही, तर व्हीसीडी हे यंत्र आधी दिवा आणि मग आवाज करून इशारा देतं. तरीही बटण दाबलं नाही, तर ब्रेक लागतो. त्याच्या भरवशावर राहू नका. अर्धवट झोपेतही हात सवयीने बटण दाबतो, हे जुने लोको पायलट सांगतील. सिग्नल मोठ्याने, हात दाखवून एकमेकांना सांगायची पद्धत आहे, ती कंटाळा न करता पाळा. लूपमध्ये गाडी दोन-दोन तास उभी राहते, तेव्हा झोप जास्त चढते. उभं राहा, तोंडावर पाणी मारा, आणि डोळे मिटत असतील तर शेजारच्या लोको पायलटला स्पष्ट सांगा. "साहेब, झोप येतेय," म्हणण्यात कमीपणा नाही.

घरच्यांसाठी

गाडीवर असताना मोबाइल बंद असतो. फोन लागला नाही म्हणून घाबरू नका. अडचणीसाठी लॉबीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. दिवसा झोपलेल्या पोराला पाहुणे आले म्हणून उठवू नका. लग्न-वास्तुशांतीला तो येईलच असं धरून चालू नका, नाराजीही धरू नका.

खोकल्याचं औषध किंवा आसव-अरिष्ट घरातून देताना जपून. काहींमध्ये अल्कोहोल असतं आणि फुंकल्यावर मशीन ते दाखवतं. झोपेची गोळी तर रेल्वेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

आणि एक गोष्ट आईवडिलांनी ठामपणे सांगावी. रात्रभर गाडी चालवून तीस-चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर गावी यायचं नाही. आधी हेडक्वार्टरलाच दोन-तीन तास झोप काढायची, मग एसटीने यायचं. शक्य असेल तर पहिली एक-दोन वर्षं खोली लॉबीजवळच घ्यावी. भाडं जातं, पण कॉल आल्यावर धावपळ होत नाही आणि रोजची दीड-दोन तासांची झोप वाचते.