पिकअप ट्रक (मॅन्युअल गिअरचा) : चालन आणि ओढकाम

पिकअप ट्रक (मॅन्युअल गिअरचा) : पुढे चालकाची बंदिस्त केबिन आणि मागे बुटक्या कडांचा, फाळका पाडून उघडता येणारा हौदा असलेले हलके मालवाहू मोटारवाहन म्हणजे पिकअप ट्रक होय. ज्या पिकअपमध्ये गिअर बदलण्याचे काम यंत्राच्या स्वाधीन न करता चालक डाव्या पायाने क्लच दाबून व हाताने दांडा सरकवून स्वतः करतो, त्याच्या चालनाचा, आणि विशेषतः त्याच्या मागे ट्रेलर जोडून ओझे ओढण्याच्या कामाचा, विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. ओढकामाची मर्यादा इंजिनाच्या ताकदीने ठरते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ती बहुधा क्लचच्या सहनशक्तीने, ब्रेकच्या धारणशक्तीने आणि चालकाच्या तारतम्याने ठरते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचनातील बहुतेक नियमांची संगती लागते.

इतिहास : मोटारीच्या मागील भागावर लाकडी पेटी बसवून घेऊन तिच्यातून धान्य, दूध, अवजारे इत्यादी माल नेण्याचा प्रघात अमेरिकेतील शेतकऱ्यांत व कारागिरांत विसाव्या शतकाच्या आरंभीच पडला होता. या गरजेची दखल घेऊन फोर्ड कंपनीने 1925 साली आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती 281 डॉलर किमतीस बाजारात आणली. मॉडेल टीचे गिअर पायपट्ट्यांनी चालत असत. दांड्याने सरकवायच्या गिअरांची पद्धत पुढे सार्वत्रिक झाली. या जुन्या गिअरपेट्यांत दोन चाकांचे दाते परस्परांत अडकण्यापूर्वी त्यांचे वेग जुळवून देणारी कोणतीही तजवीज नसल्यामुळे ते काम चालकालाच कानाच्या व पायाच्या अंदाजाने करावे लागे, आणि अंदाज चुकल्यास दात्यांचा कर्कश खरखराट त्याची चूक जाहीर करी. वेग जुळवणारी सिंक्रोमेश रचना जनरल मोटर्सने 1928 साली कॅडिलॅक मोटारीत आणली खरी. परंतु अनेक मालवाहू गाड्यांचा पहिला गिअर त्यानंतर कित्येक दशके या सोयीवाचूनच राहिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या अमेरिकन पिकअपमध्ये चार गिअरांच्या दणकट पेट्या रूढ झाल्या. त्यांपैकी न्यू प्रोसेस 435 या पेटीच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर 6.69 इतके मोठे होते. मोकळी गाडी अशा पेटीत दुसऱ्या गिअरमध्येच सुरू करीत, आणि पहिला गिअर भरलेली गाडी चढावर हलवण्यासाठी राखून ठेवीत. 1989 सालच्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन बसवण्यात आल्यावर कमी फेऱ्यांत मोठा टॉर्क देणारे इंजिन व हाताने बदलायचे गिअर ही जोडी जड ट्रेलर ओढणाऱ्या शेतकऱ्यांच्या व वाहतूकदारांच्या विशेष पसंतीस उतरली. भारतात टेल्कोने 1988 साली पुण्याच्या कारखान्यातून टाटामोबाइल हे पिकअप वाहन बाहेर काढले आणि या वर्गाच्या देशी बांधणीला चालना दिली.

यांत्रिक तत्त्व : इंजिनाच्या दंडावरील टॉर्क गिअरपेटीत व मागील आसावरील भिन्नकात (डिफरन्शियलमध्ये) गुणित होऊन चाकांपर्यंत पोहोचतो. मोठ्या गुणोत्तराचा गिअर ओढ वाढवतो व वेग घटवतो, लहान गुणोत्तराचा गिअर याच्या उलट वागतो. दोन्हींचा लाभ एकाच वेळी मिळत नाही. उदाहरणादाखल, 2,000 किलोग्रॅमचा पिकअप आणि 1,500 किलोग्रॅमचा ट्रेलर अशी 3,500 किलोग्रॅमची जोडी दहास एक या चढावर आहे असे मानू. केवळ गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 350 किलोग्रॅम-भार इतक्या जोराने मागे खेचते. इंजिनाचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर, भिन्नकाचे गुणोत्तर 4 आणि चाकाची त्रिज्या 35 सेंटिमीटर धरल्यास, घर्षणातील क्षय वगळून, 4 गुणोत्तराच्या पहिल्या गिअरमध्ये सुमारे 930, 2.3 गुणोत्तराच्या दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे 535, दीडपट गुणोत्तराच्या तिसऱ्या गिअरमध्ये 350 आणि सरळ जोडणीच्या चौथ्या गिअरमध्ये केवळ 233 किलोग्रॅम-भार ओढ मिळते. तिसरा गिअर येथे कागदावर बरोबरी साधतो; पण टायरांचा रोध व यंत्रातील क्षय यांची भरपाई करण्यास त्याच्याजवळ काहीच शिल्लक उरत नसल्यामुळे गाडी हळूहळू दम सोडते. म्हणून हा चढ दुसऱ्या गिअरचा होय, आणि ही गोष्ट चढाच्या पायथ्याशीच ओळखणे हे चालकाचे पहिले कर्तव्य होय.

क्लच : इंजिनाला जोडलेले प्रचक्र (फ्लायव्हील) आणि गिअरपेटीचा दंड यांच्यामध्ये घर्षण-अस्तर लावलेली तबकडी स्प्रिंगच्या दाबाने धरलेली असते. पायपट्टी दाबली की हा दाब सुटतो व संबंध तुटतो. ती सोडत आणली की फिरते प्रचक्र व स्थिर तबकडी यांचे वेग घसरत घसरत समान होतात. या घसरणीत निर्माण होणारी उष्णता सर्वस्वी क्लचलाच सोसावी लागते. स्वयंचलित गाडीत हेच काम टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल करते. ते उष्णता शीतकाकडे वाहून नेते, आणि आरंभी इंजिनाचा टॉर्क सुमारे दुपटीपर्यंत वाढवूनही देते. क्लच टॉर्क वाढवीत नाही, केवळ पोहोचवतो. एकाच बनावटीच्या गाडीस स्वयंचलित पेटीबरोबर अधिक आणि मॅन्युअल पेटीबरोबर कमी ओढमर्यादा का नेमून दिलेली असते, याचा उलगडा या भेदातून होतो. 2018 सालच्या राम या बनावटीच्या जड पिकअपमध्ये 6.7 लिटरच्या कमिन्स इंजिनाचा टॉर्क मॅन्युअल पेटीसाठी सुमारे 895 न्यूटन-मीटरपर्यंत मर्यादित ठेवला होता, तर सर्वांत दणकट स्वयंचलित पेटीबरोबर त्याच विस्ताराच्या इंजिनाला सुमारे 1,260 न्यूटन-मीटर टॉर्क देण्याची मुभा होती.

चढावर ओझ्यासह गाडी हलवण्याची रीत यावरूनच सिद्ध होते. हॅन्डब्रेक पक्का ओढून ठेवावा, पहिला गिअर टाकावा, इंजिनाच्या फेऱ्या किंचित वाढवाव्यात आणि क्लच इतका वर आणावा की इंजिनाचा आवाज खोल होऊन गाडीचे नाक जरा उचलल्यासारखे वाटेल. त्या क्षणी हॅन्डब्रेक सोडावा आणि क्लच विनाविलंब पूर्ण मोकळा करावा. हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरणे, वाहतुकीच्या कोंडीत क्लचवर पाय टेकवून इंच-इंच सरकणे, किंवा फेऱ्या भरमसाट वाढवून क्लच हळूहळू सोडणे, या तिन्ही सवयींचा शेवट एकच असतो : जळक्या अस्तराचा उग्र दर्प प्रथम केबिनमध्ये येतो, आणि पुढे फेऱ्या वाढूनही वेग वाढेनासा होतो. दर्प येताच गाडी सपाटीवर उभी करून क्लच थंड होऊ द्यावा. त्याच अवस्थेत पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यास अस्तराची पृष्ठे काचेसारखी गुळगुळीत होऊन पकड कायमची जाते.

गिअर बदल : ओझे मागे असता गिअर बदलण्यातील क्षणभराचा विलंबही महाग पडतो, कारण क्लच दाबलेला असेपर्यंत ओढ शून्य असते, आणि चढावर तेवढ्यात गाडीचा वेग इतका घटतो की ज्या गिअरसाठी हा खटाटोप केला तोही अपुरा ठरतो. यास्तव फेऱ्या पुरत्या खाली येण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. खालच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन अधिक जलद फिरणार असल्यामुळे, क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने फेऱ्या किंचित वाढवून घ्याव्यात. असे केल्याने क्लचला वेग जुळवण्याचे श्रम पडत नाहीत व मागील चाकांना हिसका बसत नाही. सिंक्रोमेश नसलेल्या पेटीत क्लच दोनदा दाबावा लागतो : एकदा न्यूट्रलमध्ये येताना आणि, न्यूट्रलमध्ये फेऱ्या वाढवून घेतल्यावर, दुसऱ्यांदा खालचा गिअर टाकताना. उलट, इंजिन गुदमरत असताना वरच्या गिअरमध्ये रेटत राहणे हा किफायतीचा आभास होय. त्याने डिझेल इंजिनातील निष्कास वायूंचे तापमान वाढते आणि प्रत्येक स्फोटाचे धक्के प्रचक्र, गिअरपेटी व दंड यांना सोसावे लागतात. एकाहून कमी गुणोत्तराचा सर्वांत वरचा गिअर तर ओढकामात सपाट रस्त्यापुरताच वापरणे श्रेयस्कर.

उतार : चढावर चालकाची परीक्षा होते, उतारावर ब्रेकची. वरील 3,500 किलोग्रॅमची जोडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरली, तर सुमारे 500 मीटर उंचीची तिची स्थितिज ऊर्जा 17 दशलक्ष ज्यूलच्या घरात जाते. पन्नासएक लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे, आणि ती सारी ब्रेकच्या तबकड्यांत व ढोलांत कोंडली तर अस्तरे पकड सोडतात. ज्या गिअरने चढ चढावा त्याच गिअरने, किंवा त्याच्याही खालच्या गिअरने, तो उतरावा हा जुना शिरस्ता आजही प्रमाण मानला जातो. गिअर उताराच्या तोंडाशीच निवडला पाहिजे. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि जबरीने टाकलाच तर चाके इंजिनाला त्याच्या फेऱ्यांच्या हद्दीपलीकडे फिरवून झडपा व पिस्टन यांचा नाश करतात. डिझेल इंजिनात हवेचा मार्ग रोखणारी झडप सामान्यतः नसल्यामुळे त्याचा स्वाभाविक रोध पेट्रोल इंजिनाहून कमी पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी जड पिकअपमध्ये निष्कास-मार्ग आवळणारा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. ब्रेक सतत घासत न ठेवता जोराने दाबून वेग उतरवावा व मग सोडून थंड होऊ द्यावा. इंधन वाचेल या समजुतीने गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा घाटातील अक्षम्य गुन्हा समजावा.

जोडणी व वजनाची वाटणी : हलका ट्रेलर चौकटीला पक्क्या केलेल्या हुकाच्या गोळ्यावर टेकवतात; जड ट्रेलरासाठी हौद्यातच, मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे, गूजनेक अथवा फिफ्थ व्हील जातीची जोडणी बसवतात. पहिल्या प्रकारात ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के आणि दुसऱ्यात साधारणपणे 15 ते 25 टक्के भार जोडणीवर पडावा असा दंडक आहे. 1,500 किलोग्रॅमच्या ट्रेलरचा 150 ते 225 किलोग्रॅम भार गोळ्यावर येतो, आणि तो पिकअपच्या स्वतःच्या मालमर्यादेतून वजा करावा लागतो, या हिशेबाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. माल ट्रेलरच्या मागच्या अंगाला लादून जोडणीवरील भार कमी केल्यास वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबू नये, क्लचही दाबू नये. अॅक्सिलरेटर सोडून सुकाणू सरळ धरावे आणि ट्रेलरला स्वतंत्र विजेचे ब्रेक असल्यास तेवढेच हाताने लावावेत, म्हणजे जोडी ताणली जाऊन सरळ होते.

मागे घेणे : ट्रेलरसह गाडी मागे घेताना सुकाणूचा परिणाम उलटा होत असल्यामुळे हात सुकाणूच्या तळाशी धरावा, ट्रेलरची शेपटी ज्या बाजूस न्यायची त्या बाजूस हात न्यावा. हालचाल जितकी संथ तितकी चूक सुधारण्यास सवड अधिक. रिव्हर्स गिअरचे गुणोत्तर 4 व भिन्नकाचेही 4 असल्यास, मिनिटाला 700 फेऱ्यांनी संथ चालणारे इंजिन गाडीला ताशी सुमारे 6 किलोमीटर वेगाने नेते. नाजूक कामासाठी हा वेग अधिक असल्याने चालक हाफ क्लचचा आश्रय घेतो आणि क्लच तापवतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत लो-रेंज (एकूण गुणोत्तर आणखी वाढवणारी जोडणी) असल्यास तिने हा वेग निम्म्याहून खाली येतो व क्लच पूर्ण सोडून काम साधते. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर त्या अवस्थेत तीव्र वळण घेतल्यास पुढील-मागील आसांत ताण साचतो.

मानके व कायदा : कारखानदारांनी जाहीर केलेल्या ओढमर्यादा परस्परांशी ताडून पाहता याव्यात म्हणून अमेरिकेत एसएई जे2807 हे मानक करण्यात आले. त्यातील एका कसोटीत जोडीला 12 टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा स्थिर स्थितीतून पुढे, आणि तसेच मागेही, हलावे लागते. मॅन्युअल गाडीच्या क्लचची परीक्षा याहून कठोर क्वचितच होत असेल. दुसरी कसोटी अॅरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे 18 किलोमीटरच्या चढाची असून ती वातानुकूलन चालू ठेवून द्यावी लागते. भारतात ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. नादुरुस्त वाहन ओढण्यासंबंधी 1989 च्या रस्ता-नियमावलीने दोन वाहनांमधील अंतर 5 मीटरांहून अधिक नसावे, ओढणाऱ्या वाहनाचा वेग ताशी 24 किलोमीटरांहून अधिक नसावा आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या सुकाणूवर परवानाधारक इसम असावा, अशा अटी घातल्या होत्या.

सद्यःस्थिती : अमेरिकेत अधिक गिअरांच्या स्वयंचलित पेट्यांनी ओढकामात सरशी केल्यामुळे जड पिकअपमधून मॅन्युअल पेटी नाहीशी होत गेली; फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेत 2010 नंतर आणि रामच्या जड पिकअपमध्ये 2018 नंतर ती मिळेनाशी झाली. मध्यम आकाराच्या टोयोटा टॅकोमासारख्या मोजक्या गाड्यांत ती टिकून आहे. भारतात परिस्थिती भिन्न आहे. येथील मालवाहू पिकअप बहुतांशी मॅन्युअलच असून त्यांचे काम ओढण्यापेक्षा वाहण्याचे आहे. नाशिकची द्राक्षे वा लासलगावचा कांदा हौद्यात भरून कसाऱ्याचा घाट उतरणाऱ्या गाडीच्या मागे ट्रेलर क्वचितच असतो, आणि ग्रामीण भागात ओढण्याचे काम ट्रॅक्टर व त्याची ट्रॉली करते. तथापि हौद्यात मर्यादेबाहेर माल भरला की क्लच, गिअर व ब्रेक यांवर पडणारा ताण ट्रेलरच्या ताणासारखाच असतो, आणि ट्रेलरला असतात तसे स्वतंत्र ब्रेक त्या जादा वजनाला नसल्यामुळे उतारावर तो अधिकच धोक्याचा ठरतो. म्हणून ओढकामासाठी सांगितलेले गिअर व ब्रेक यांचे नियम येथील भरलेल्या पिकअपलाही तंतोतंत लागू पडतात.